आजारपण सरलं, पण टेडीचं काय करायचं?

मूल तापातून उठलं की घरात धुण्याची मोहीम निघते. चादरी, अभ्रे, टॉवेल, रुमाल सगळं मशीनमध्ये जातं आणि मग नजर पडते ती पलंगाच्या कोपऱ्यातल्या टेडीवर. चार दिवस तो मुलाच्या गालाखाली होता. त्याच्यावर शिंकून झालंय, त्याच्या कानाला नाक पुसून झालंय, एक पाय तर चोखून चोखून कडक झालाय. आजी सांगते, दिवसभर उन्हात टाक. शेजारच्या काकू सांगतात, पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी व्हिनेगर सुचवतं, तर कुणी "फेकून दे, नवीन घे" म्हणून मोकळं होतं.

गंमत अशी की यातला प्रत्येक उपाय कशावर तरी चालतो आणि दुसऱ्या कशावर तरी अजिबात चालत नाही. फ्रीजरमध्ये धुळीतले सूक्ष्म किडे मरतात, विषाणू मरत नाहीत. सॅनिटायझर फ्लूच्या विषाणूला भारी पडतो, पण उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसपुढे त्याची मात्रा फारशी चालत नाही. म्हणून आधी आजार कोणता होता ते बघायचं, बादली नंतर भरायची.

भीती नेमकी कुणासाठी?

बहुतेक आईबाबांना वाटतं की त्याच टेडीमुळे आपल्या मुलाला तोच ताप उलटेल. सर्दी, फ्लू, गोवर, कांजिण्या यांसारख्या विषाणूंच्या आजारात याची शक्यता फार कमी. ज्या विषाणूने नुकतंच आजारी पाडलं, त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती त्या मुलाच्या अंगात ताजी ताजी तयार झालेली असते. दोन आठवड्यांनी परत नाक वाहू लागलं, तर तो बहुधा शाळेतून किंवा पाळणाघरातून आलेला दुसराच विषाणू असतो. सर्दीचे विषाणूच दोनशेच्या घरात आहेत. दरवेळी टेडीला आरोपी करण्यात अर्थ नाही.

याला ठळक अपवाद खरूज आणि उवांचा. त्यांच्याविरुद्ध अशी प्रतिकारशक्ती तयार होत नाही, त्यामुळे त्याच मुलाला त्या लगेच परत होऊ शकतात. बाकी आजारांत टेडी धुवायचा तो घरातल्या इतरांसाठी: दिसेल ते तोंडात घालणारं रांगतं धाकटं भावंड, सत्तरी ओलांडलेले आजोबा, पाळणाघरातली बाकीची मुलं.

आणि इथेच वेळेचा मुद्दा येतो. खेळण्यावर सगळ्यात जास्त जंतू असतात ते मूल आजारी असताना, बरं झाल्यावर नाही. तरी आपण आजारपणात टेडी घरभर फिरू देतो आणि सगळं निवळल्यावर त्याला जंतुनाशकात बुचकळतो. त्यापेक्षा ताप असेपर्यंत टेडी एकाच मुलाचा, ताईने-दादाने त्याला हात लावायचा नाही, एवढा एक नियम पाळला तर नंतरचं निम्मं काम वाचतं. आजारी मुलाकडून तो काढून मात्र घेऊ नका. तापात कण्हणाऱ्या मुलाला त्याच्या आधाराची सर्वांत जास्त गरज तेव्हाच असते, आणि ज्या जंतूंची आपल्याला भीती वाटते ते त्याच्या अंगात आधीच आहेत.

दोन जातींचे विषाणू

विषाणूंची एक ढोबळ विभागणी लक्षात ठेवली की पुढचं सगळं सोपं होतं. काही विषाणूंच्या भोवती स्निग्ध पदार्थाचं एक पातळ आवरण असतं. फ्लू, कोरोना, गोवर, कांजिण्या, आणि तान्ह्या बाळांच्या छातीत घरघर आणणारा आरएसव्ही हे सगळे या गटातले. तुपाचं भांडं साबणाने जसं सुटतं, तसं हे आवरण साबणाने विरघळतं आणि आवरण गेलं की विषाणू निकामी होतो. बाहेर, कोरड्या जागी, हे फार टिकतही नाहीत.

दुसऱ्या गटाला हे आवरण नसतं. वरून नुसतं प्रथिनाचं कवच. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, हाताला-पायाला-तोंडात फोड आणणारे ('हँड-फूट-माउथ' आजाराचे) कॉक्सॅकी विषाणू, डोळे येण्याच्या साथीतले अ‍ॅडिनोव्हायरस आणि एन्टेरोव्हायरस या गटात येतात. २०२३ च्या जुलैत आळंदी आणि पुण्याकडे डोळ्यांची जी साथ आली होती, तसल्या साथी याच मंडळींच्या. हे चिवट असतात. साबणाने ते फारसे मरत नाहीत, पण कापडावरून सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. मारणं वेगळं आणि काढून टाकणं वेगळं. घरच्या धुण्यात आपण जास्त करून काढून टाकण्याचंच काम करतो, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

आता एक उलटी वाटणारी गोष्ट. केसाळ टेडी बघितला की वाटतं, यात केवढे जंतू दडून बसत असतील. फ्लूच्या बाबतीत हे खरं नाही. १९८२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात फ्लूचा विषाणू स्टील आणि प्लॅस्टिकवर २४ ते ४८ तास जिवंत राहिला, पण कापड आणि कागदावर ८ ते १२ तासांतच संपला. कापड ओलावा शोषून घेतं, विषाणू सुकतो, आणि जो उरतो तोही कापडातून हातावर सहजासहजी येत नाही. म्हणजे फ्लूनंतर टेडीच्या आधी प्लॅस्टिकची गाडी, टीव्हीचा रिमोट आणि ज्यावर कार्टून लावून दिलं होतं तो मोबाइल पुसायला हवा. हे सहसा कुणी करत नाही.

जिवाणूंचं गणित मात्र वेगळं. २००२ मध्ये न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी दवाखान्यांच्या प्रतीक्षाकक्षातली खेळणी तपासली होती. मऊ खेळण्यांपैकी ९० टक्क्यांवर मध्यम ते भरपूर प्रमाणात जिवाणू सापडले. कडक खेळणी त्या मानाने बरीच स्वच्छ निघाली. मऊ खेळणी स्वच्छ केल्यावरही पुन्हा लवकर बरबटतात, असंही त्यांना दिसलं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठाच्या संशोधकांनी एका पाळणाघरात सकाळी मुलं यायच्या आधी नमुने घेतले. पाच मऊ खेळण्यांपैकी चारांवर न्यूमोकॉकस हा न्यूमोनिया घडवू शकणारा जिवाणू जिवंत मिळाला. मुलांचा हात लागून कित्येक तास उलटले होते. हे जिवाणू एकमेकांना चिकटून एक चिकट थर बनवतात आणि त्या थरात ते कोरडेपणालाही पुरून उरतात.

अशी माहिती वाचली की पोटात गोळा येतो. पण जिवाणू सापडणं म्हणजे आजार होणं नव्हे. न्यूमोकॉकस कितीतरी धडधाकट मुलांच्या नाकात एरवीही निवांत बसलेला असतो. यातून घ्यायचं ते इतकंच की चोखलेला, लाळेने आणि दुधाने माखलेला टेडी "आपोआप वाळला की झालं" म्हणून सोडून देऊ नये. तो थर साबण आणि चोळण्यानेच तुटतो. दवाखान्यातल्या टोपलीत पडलेल्या सार्वजनिक टेडीशी खेळू द्यावं का, याबद्दल माझं उत्तर "नको" असं आहे. घरचं खेळणं सोबत न्या.

सर्दी-खोकला आणि फ्लू

इथे फार जिवाला लावून घेऊ नका. टेडी धुता येणारा असेल तर नेहमीच्या साबणाने धुवा. धुता येणारा नसेल, आत गाण्याचा डबा, बॅटरी, तारा असतील, तर ओल्या फडक्यावर साबणाचा फेस घेऊन वरचे केस पुसा, दुसऱ्या ओल्या फडक्याने फेस काढा, पंख्याखाली वाळवा आणि दोन-तीन दिवस कपाटावर ठेवून द्या. तेवढ्या काळात कापडावरचे हे विषाणू संपतात. कांजिण्यांतही हेच, फक्त फोडांचं पाणी लागलेला भाग नीट धुवायचा. गोवराचा विषाणू हवेत आणि वस्तूंवर सुमारे दोन तास टिकतो. त्यात टेडीपेक्षा खोलीतली हवा जास्त धोक्याची.

उलट्या, जुलाब आणि 'हँड-फूट-माउथ'

खरी मेहनत घ्यायची ती इथे. रोटाव्हायरसचे शंभराहून कमी कण एखाद्या बाळाला आजारी पाडायला पुरतात आणि आजारी मुलाच्या एक ग्रॅम शीमध्ये ते अब्जावधींनी असतात. कोरड्या वस्तूंवरही हे विषाणू दिवसेंदिवस तग धरतात. रोटाव्हायरसची लस २०१६ पासून टप्प्याटप्प्याने सरकारी लसीकरणात आली, त्यामुळे गंभीर आजार घटतो. पण जुलाबाचे विषाणू बाकीही बरेच आहेत.

टेडीवर उलटी झाली असेल तर हातात मोजे घाला. नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा. वरचा घाण भाग जाड कागदाने निपटून काढा आणि तो कागद पिशवीत बांधून टाका. झटकू नका, त्याने कण हवेत उडतात. मग आधी थंड पाणी. गरम पाणी थेट घातलं तर दुधाचे-अन्नाचे डाग कापडात पक्के बसतात. थंड पाण्याने डाग मोकळे झाले की कोमट-गरम पाण्यात धुण्याची पावडर घालून टेडी अर्धा तास भिजवा आणि मग दाबा. बादलीत तो पूर्ण बुडवून, पोटावर दोन्ही तळहात ठेवून दाबला की शिवणींतून राखाडी, गढूळ पाणी बाहेर येतं. वरून स्वच्छ दिसणाऱ्या खेळण्यातून एवढं काय निघतंय याचं आश्चर्य वाटतं. ते पाणी बदलत, दाबत राहायचं, पाणी नितळ दिसेपर्यंत. हे मोरीत किंवा बाथरूममध्ये करायचं, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नाही. नंतर बादली, नळ आणि आपले हात साबणाने धुवायचे.

एवढ्याने बरंच काम होतं. घरात तान्हं बाळ असेल किंवा एकामागून एक सगळे आजारी पडत असतील तर पुढची पायरी आहे सोडियम हायपोक्लोराइटची. कोरोनाच्या काळात हे नाव घरोघरी पोचलं. दुकानात मिळणारं घरगुती ब्लीच म्हणजे हेच, ते सहसा ४ ते ५ टक्के असतं. ५ टक्क्यांचं असेल तर १ लिटर पाण्यात २० मिली, ४ टक्क्यांचं असेल तर २५ मिली घातलं की ०.१ टक्क्याचं द्रावण तयार होतं. आधी धुतलेला टेडी त्यात १० मिनिटं बुडवून ठेवायचा आणि नंतर साध्या पाण्यातून तीन-चार वेळा काढायचा. 'आधी धुतलेला' हा शब्द महत्त्वाचा आहे: घाण तशीच असेल तर ब्लीचची सगळी ताकद त्या घाणीवरच खर्च होते. रंग उडू शकतो, म्हणून आधी टेडीच्या बुडाशी, दिसणार नाही अशा जागी एक थेंब लावून बघा. द्रावण दरवेळी ताजं करा आणि ते कधीच पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. गावात विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर यासाठी वापरू नका. ती किती जुनी आहे, तिच्यात किती क्लोरीन उरलंय याचा अंदाज येत नाही.

आणि एक सक्त ताकीद. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं अ‍ॅसिडवालं द्रव, व्हिनेगर किंवा अमोनियायुक्त क्लीनर कधीही मिसळू नका. विषारी वायू तयार होतो, आणि आपल्याकडची बंदिस्त बाथरूम म्हणजे त्यासाठी सगळ्यात वाईट जागा.

'हँड-फूट-माउथ'मध्ये अजून एक अडचण असते. फोड वाळले, मूल शाळेत जाऊ लागलं, तरी विषाणू शीवाटे काही आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणजे आजार संपल्याच्या दिवशी टेडी एकदा कडक धुतला आणि विषय मिटला, असं होत नाही. त्या काळात आठवड्याला एकदा साधं धुणं आणि शी धुतल्यानंतर मुलाचे व आपले हात साबणाने धुणं, हे एकदाच्या ब्लीचपेक्षा जास्त उपयोगाचं. हातांसाठी इथे साबण-पाणीच. सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका.

खरूज आणि उवा

खरजेचा किडा माणसाच्या कातडीबाहेर साधारण दोन-तीन दिवस जगतो. म्हणून ज्या रात्री मलम लावायचं, त्याच दिवशी चादरी, कपडे आणि टेडी यांचा बंदोबस्त करायचा. ५० अंशांच्या वरच्या पाण्यात धुता येत असेल तर उत्तम. नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि आठवडाभर माळ्यावर टाका. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावलं नाही, तर टेडी कितीही उकळला तरी खाज परत येणार. उवांचं तर त्याहून सोपं. डोक्यापासून दूर त्या एक-दोन दिवसांत मरतात आणि लिखांना फुटायला डोक्याची ऊब लागते. टेडी दोन दिवस बाजूला ठेवला की पुरे. उरलेला वेळ फणीला द्या.

ऊन, फ्रीजर आणि पांढरं होणारं पाणी

आजीचं ऊन वाया जात नाही. उन्हातली अतिनील किरणं पृष्ठभागावरच्या जंतूंना मारतात आणि ऊब ओलावा ओढून घेते. पण किरणं केसांच्या मुळाशी आणि कापसाच्या आत पोचत नाहीत. ऊन धुण्याऐवजी चालत नाही, धुतल्यानंतर मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही. घरगुती यूव्ही पेट्यांनाही हीच मर्यादा आहे, कारण केसाळ खेळण्यात सावल्याच जास्त.

फ्रीजरचा उपाय दम्याच्या आणि अ‍ॅलर्जीच्या मुलांसाठी खरा आहे. धुळीतले सूक्ष्म किडे उणे १६ अंशांखाली चोवीस तासांत मरतात. मात्र अ‍ॅलर्जी करणारी त्यांची विष्ठा मागे उरते, म्हणून नंतर धुवावंच लागतं. विषाणूंना थंडीचं सोयरसुतक नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेसारख्या प्रयोगशाळांत विषाणूंचे नमुने वर्षानुवर्षं जपतात ते गोठवूनच.

पाण्यात घातल्यावर दुधासारखं पांढरं होणारं ते तपकिरी जंतुनाशक आपल्याकडे सगळ्यावर रामबाण मानलं जातं. त्यातलं क्लोरोझायलेनॉल बऱ्याच जिवाणूंवर चालतं, पण आवरण नसलेल्या विषाणूंवर त्याचा प्रभाव जेमतेमच. वास येतो म्हणजे जंतू मेले, असं नाही. शिवाय जे खेळणं तोंडात जाणार, त्यात तो अर्क मुरवायचा कशाला? व्हिनेगर आणि खायच्या सोड्याने वास जातो, जंतूंचा भरवसा नाही. मायक्रोवेव्हमध्ये टेडी घालू नका; आत तार किंवा धातूचं बटण असेल तर आग लागते.

मशीन, गिझर आणि पावसाळा

समोरून दार उघडणाऱ्या मशीनमध्ये पाणी तापवायची सोय असते. वरून कपडे टाकायच्या बऱ्याच मशीन गार पाण्यावर चालतात. गिझरचं पाणी ५०-६० अंशांचं असलं तरी बादलीत पडून त्यात टेडी घातला की झपाट्याने उतरतं. म्हणून फक्त तापमानावर विसंबू नका. खेळण्यावरचं लेबल बघा. ते नसेल तर ४० अंश ठीक. त्यापुढे गोंदाने चिकटवलेले डोळे सुटू शकतात, आणि सुटलेला डोळा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. टेडीला उशीच्या अभ्र्यात घालून तोंडाला गाठ मारा आणि सोबत एखादा टॉवेल टाका, म्हणजे पिळताना मशीन धडधडत नाही.

खरी कसोटी वाळवण्यात. नीट न वाळलेला टेडी न धुतलेल्यापेक्षा वाईट, कारण आतला दमट कापूस म्हणजे जिवाणू आणि बुरशीला आयती जागा. हाताने पिळायचा नाही, जाड टॉवेलमध्ये गुंडाळून वर गुडघा देऊन दाबायचा. कानाला चिमटा लावून टांगू नका, सगळं पाणी पायांत उतरतं आणि शिवण ताणते. कांदे येतात ती जाळीची पिशवी यासाठी झकास. मधूनमधून त्याला उलटापालटा करा. मान आणि मांड्या सगळ्यात शेवटी वाळतात. तिथे कोरडा टिश्यू ठेवून घट्ट दाबा, तो ओलसर झाला तर अजून वेळ आहे. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हे दोन-तीन दिवसांचं काम होऊन बसतं. अशा वेळी मशीनमध्ये दोनदा सुकवून पंख्याखाली ठेवा. कुबट वास यायला लागला तर परत धुवावा लागेल.

घरी शिवलेली बाहुली किंवा जिवापाड जपलेला जुना टेडी असेल तर आणखी एक वाट आहे. पाठीची शिवण दोन बोटं उसवा, आतला कापूस किंवा फायबर काढून टाका, कवच स्वच्छ धुऊन वाळवा आणि उशांत भरतात तो नवा फायबर भरून परत शिवा. बॅटरीचा डबाही असाच काढता येतो. उलटी आत मुरलेल्या, भिजवता न येणाऱ्या खेळण्याला हाच एक उपाय. नाहीतर ते टाकायचं. आत फोम असलेली, काळे ठिपके पडलेली, धुऊनही वास न जाणारी खेळणी ठेवू नयेत. आंघोळीचं चिरकणारं रबरी बदकही यातच धरा: २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी वापरातली अशी खेळणी कापून बघितली, तेव्हा आतल्या भिंतीवर दर चौरस सेंटिमीटरला ५० लाख ते साडेसात कोटी पेशींचा थर सापडला. ते दाबल्यावर काळे कण बाहेर आले तर सरळ कचऱ्यात. आणि मुलाला केमोथेरपी चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल, तर वरचे सगळे ठोकताळे बाजूला ठेवून कोणतं खेळणं जवळ चालेल आणि ते किती दिवसांनी धुवायचं, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.